डिझेल गाडीच्या मालकाला निवडीचा हक्क द्या : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या सुधारणेने कलम ११०-अ घालण्यात आले, आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश उत्पादकाला देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे स्पष्ट शब्दांत आला. त्यापूर्वी हे सारे बव्हंशी कंपन्यांच्या स्वेच्छेवर चालत असे. दोषामुळे पर्यावरणाला, गाडीतील माणसांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना अपाय होण्याचा संभव असेल, तर उत्पादकाने ग्राहकाला गाडीची पूर्ण किंमत परत करावी, किंवा तशीच अथवा तिच्याहून चांगली दुसरी गाडी द्यावी, किंवा आहे तीच दुरुस्त करून द्यावी, असे हे कलम सांगते. मात्र या तीन मार्गांपैकी कोणता धरायचा हे मालकाने ठरवायचे की उत्पादकाने, याबद्दल त्यात काहीही म्हटलेले नाही. प्रस्तुत पत्र या एका मोकळ्या राहिलेल्या जागेविषयी आहे. ती जागा किती महाग पडू शकते हे समजण्यासाठी फोक्सवॅगन समूहाच्या डिझेल गाड्यांच्या प्रकरणात अमेरिकेतील मालकांच्या पदरात काय पडले आणि त्याच मालिकेचे इंजिन असलेल्या गाड्यांच्या भारतीय मालकांच्या पदरात काय पडले, हे शेजारीशेजारी ठेवून पाहणे आवश्यक आहे.

डिझेल इंजिनात हवा अतिशय दाबली जाते आणि ज्वलनाचे तापमान इतके वाढते, की एरवी निष्क्रिय राहणाऱ्या नायट्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. टेलपाइपमधून बाहेर पडणारी ही द्रव्ये काजळीसारखी डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु उन्हात इतर वायूंशी त्यांची प्रक्रिया होऊन जमिनीलगत ओझोन निर्माण होतो, त्यांच्यापासून हवेत सूक्ष्म कणही बनतात, आणि दम्याच्या रुग्णांना, लहान मुलांना व वृद्धांना त्याचा त्रास सर्वांत आधी होतो. या ऑक्साइडांना आवर घालण्याचे उपाय अभियंत्यांना चांगले ठाऊक आहेत : बाहेर जाणाऱ्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणे, ऑक्साइडे धरून ठेवणारा सापळा बसवणे, किंवा युरियाच्या द्रावणाची फवारणी करून त्यांचे पुन्हा नायट्रोजन आणि पाणी करणे. यांपैकी प्रत्येक उपायाची किंमत मोजावी लागते, कारण कुठे इंधन जास्त जळते, कुठे काजळीची गाळणी लवकर झिजते, तर कुठे युरियाची टाकी वारंवार भरावी लागते. फोक्सवॅगनने ही किंमत टाळण्यासाठी जो मार्ग धरला तो इंजिनाच्या नियंत्रक संगणकातील सॉफ्टवेअरचा होता.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १८ सप्टेंबर २०१५ रोजी कंपनीला जी नोटीस बजावली, तिच्यात या सॉफ्टवेअरची कार्यपद्धती वर्णन केली आहे. स्टिअरिंगची स्थिती, गाडीचा वेग, इंजिन किती वेळ चालू आहे आणि हवेचा दाब किती आहे, अशा संकेतांवरून गाडी प्रयोगशाळेतील रोलरवर तपासली जात आहे की रस्त्यावर धावत आहे, हे तो संगणक ओळखत असे. रोलरवर चाके फिरतात पण स्टिअरिंग वळत नाही, आणि वेगाचा चढउतार ठरलेल्या आलेखाबरहुकूम होतो, एवढ्यावरूनही ती ओळख पटण्याजोगी होती. तपासणी चालू आहे असे दिसताच प्रदूषण नियंत्रणाची सारी यंत्रणा पूर्ण क्षमतेने काम करी आणि रस्त्यावर येताच ती ढिली पडे, ज्यामुळे नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण कायदेशीर मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जाऊ शके. अशा सॉफ्टवेअरला तेथील कायद्यात नियंत्रण निष्फळ करणारे साधन मानले जाते आणि ते बसवणे हाच गुन्हा ठरतो. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये ते असल्याचे कंपनीने त्याच महिन्यात मान्य केले.

ही लबाडी उघड झाली ती गाड्या प्रयोगशाळेबाहेर काढून मोजल्या गेल्या म्हणून. स्वच्छ वाहतुकीवर काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका लहान चमूने २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात तीन डिझेल गाड्या घेतल्या, त्यांच्या डिकीत वायू मोजणारी उपकरणे ठेवली, टेलपाइपला नळी जोडली आणि त्या शहरांतून, घाटांतून व महामार्गांवरून चालवल्या. त्या चमूत अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे भारतातून तिथे शिकायला गेलेले दोन अभियंते होते. जेटा ही गाडी मर्यादेच्या १५ ते ३५ पट आणि पसाट ही ५ ते २० पट ऑक्साइडे सोडत असल्याचे त्यांच्या मोजमापांतून दिसले, तर तिसरी गाडी, जी दुसऱ्या कंपनीची होती, ती बहुतेक ठिकाणी मर्यादेत राहिली. त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ फोक्सवॅगन तांत्रिक कारणे पुढे करत राहिली, डिसेंबर २०१४ मध्ये सुमारे ५ लाख गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदलल्याचे तिने सांगितले, आणि कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने पुन्हा मोजले तेव्हा आकडे मर्यादेबाहेरच निघाले. मंत्रालयाने या घटनाक्रमातील एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. इतक्या वर्षांत एकाही मालकाला हा दोष स्वतःहून कळणे शक्य नव्हते, कारण गाडी उत्तम पळत होती, तिचे मायलेज चांगले होते, आणि स्वच्छ डिझेल म्हणून तिची जाहिरात केली जात होती. २००९ च्या जेटा टीडीआयवर तर अमेरिकी सरकारने खरेदीदारांना १,३०० डॉलरची करसवलतही दिली होती.

त्या देशात पुढे जे घडले ते दंडापुरतेच पाहिले तर त्यातला महत्त्वाचा भाग नजरेआड होतो. देशभरातील मालकांचे शेकडो दावे सॅन फ्रान्सिस्को येथील संघराज्य न्यायालयात न्यायमूर्ती चार्ल्स ब्रेयर यांच्यापुढे एकत्र आणले गेले, वाटाघाटींवर देखरेख करण्यासाठी रॉबर्ट म्युलर यांची नेमणूक झाली, आणि २५ ऑक्टोबर २०१६ रोजी सुमारे ४ लाख ७५ हजार दोन-लिटर गाड्यांबाबतची तडजोड न्यायालयाने मान्य केली. तिचा एकूण आकार सुमारे १,४७० कोटी डॉलरचा होता, आणि त्यातली १,००३ कोटी डॉलरपर्यंतची रक्कम केवळ मालकांसाठी आणि भाडेपट्ट्याने गाडी घेतलेल्यांसाठी राखलेली होती. उरलेल्यापैकी २७० कोटी डॉलर आधीच हवेत गेलेल्या प्रदूषणाची भरपाई म्हणून राज्यांच्या प्रकल्पांसाठी, आणि २०० कोटी डॉलर विजेवरील वाहनांच्या सुविधांसाठी ठरले.

मालकापुढे ठेवलेले मार्ग मुख्यतः दोन होते. त्याला गाडी कंपनीला विकून टाकता येत होती, किंवा पर्यावरण संस्थेने मान्य केलेली दुरुस्ती करून घेऊन ती ठेवून घेता येत होती, आणि कोणता मार्ग घ्यायचा हे तोच ठरवत होता. गाडी परत देताना तिची किंमत १८ सप्टेंबर २०१५ च्या आधी, म्हणजे बातमी बाहेर पडून बाजारभाव कोसळण्याच्या आधी, प्रचलित असलेल्या जुन्या गाड्यांच्या दरपत्रकावरून काढली जाई. त्यानंतर सामान्य प्रमाणात धावलेल्या अंतरासाठी काही कापले जात नसे. या किमतीखेरीज रोख भरपाई वेगळी मिळे, जी गाडीच्या किमतीच्या २० टक्के अधिक सुमारे २,९८७ डॉलर अशा सूत्राने ठरत होती आणि ५,१०० डॉलरपेक्षा कमी असू शकत नव्हती. गाडी ठेवून दुरुस्त करून घेणाऱ्यालाही हीच भरपाई लागू होती, त्यामुळे पैशांच्या आमिषाने किंवा दबावाने कोणाला एका मार्गाकडे ढकलले जात नव्हते.

तडजोडीतील बारीकसारीक तरतुदींतून मालकाच्या संसाराचा विचार दिसतो. ज्याच्या गाडीवर कर्ज होते आणि मिळणाऱ्या सगळ्या रकमेतूनही ते फिटत नव्हते, त्याच्यासाठी कंपनीने त्या रकमेच्या आणखी ३० टक्क्यांपर्यंत भार उचलायचा होता, जेणेकरून गाडी गेली आणि हप्ते मात्र मागे राहिले अशी पाळी कोणावर येऊ नये. बातमीनंतर घाईने गाडी विकून बसलेल्या मालकाला आणि ती विकत घेतलेल्या नव्या मालकाला भरपाईचा निम्मा-निम्मा वाटा ठरवून दिला होता, म्हणजे सेकंडहँड गाडी घेणारा माणूसही हिशेबातून सुटला नाही. वकिलांचे शुल्क मालकांच्या रकमेतून कापले गेले नाही. ते कंपनीने वेगळे भरले. शिवाय किमान ८५ टक्के गाड्या जून २०१९ पर्यंत एक तर रस्त्यावरून काढून घेणे किंवा दुरुस्त करणे कंपनीवर बंधनकारक होते, आणि त्यात जेवढे टक्के कमी पडतील तेवढ्या प्रमाणात जादा रक्कम भरावी लागणार होती. कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिलच्या वाळवंटी मैदानावर आणि मिशिगनमधील एका ओस पडलेल्या क्रीडांगणाच्या आवारात ओळीने उभ्या केलेल्या हजारो जेटा आणि पसाट गाड्यांची हवाई छायाचित्रे पुढे जगभर प्रसिद्ध झाली. या गाड्या मंजूर दुरुस्तीशिवाय पुन्हा विकण्यास कंपनीला मनाई होती.

अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२० च्या जुलैमध्ये अंतिम अहवाल दिला, तोपर्यंत मालकांना ९५० कोटी डॉलरहून अधिक परत मिळाले होते आणि दावा पूर्ण करणाऱ्यांपैकी ८६ टक्क्यांहून अधिक लोकांनी गाडी परत देण्याचा किंवा भाडेकरार मोडण्याचा मार्ग निवडला होता. हा शेवटचा आकडा या पत्राच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. हा निर्णय उत्पादकावर सोपवला असता तर त्याने बहुतेक ठिकाणी सर्वांत स्वस्त मार्ग, म्हणजे दुरुस्तीचा, निवडला असता. ज्याने पैसे मोजून गाडी घेतली त्याला विचारले गेले तेव्हा बहुसंख्यांनी ती गाडी नको असे सांगितले.

युरोपात नेमके हेच विचारले गेले नाही. तेथे सुमारे ८५ लाख गाड्या होत्या, म्हणजे अमेरिकेच्या कितीतरी पट, पण जर्मनीच्या वाहन प्राधिकरणाने गाड्या परत बोलावण्याची सक्ती केल्यावर मालकाला मिळाले ते अर्ध्या तासाचे सॉफ्टवेअर अद्ययावतीकरण आणि १.६ लिटर इंजिनाच्या बाबतीत हवेचा प्रवाह सरळ करणारी, जाळी बसवलेली एक प्लास्टिकची छोटी नळी. भरपाईची बोलणी वर्षानुवर्षे रेंगाळली. ग्राहकांच्या वतीने संघटनेला दावा दाखल करता यावा यासाठी जर्मनीला नोव्हेंबर २०१८ पासून नवा कायदा अमलात आणावा लागला, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२० मध्ये ८३ कोटी युरोंच्या तडजोडीतून सुमारे २ लाख ६० हजार मालकांना प्रत्येकी १,३५० ते ६,२५७ युरो मिळण्याची व्यवस्था झाली. त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने गाडी परत करून किंमत मागण्याचा हक्क मान्य केला, परंतु तोवर गाडी जितकी चालली असेल तितक्या वापराचे मूल्य त्या किमतीतून वजा करायचे होते. खटला जितका लांबेल तितकी मालकाची रक्कम घटत जाईल, ही त्या निकालातील उणीव डोळ्यांत भरणारी आहे, कारण त्यामुळे विलंबाचा लाभ थेट उत्पादकाला होतो. ब्रिटनमधील ९१ हजार मालकांना १९.३ कोटी पौंडांची तडजोड पाहायला मे २०२२ उजाडला.

भारतात या प्रकरणाचा धागा महाराष्ट्राशी जुळलेला आहे. फोक्सवॅगनचा कारखाना पुण्याजवळ चाकण येथे आहे, गाड्यांना प्रमाणपत्र देणारी आणि या प्रकरणात तपासणी करणारी एआरएआय ही संस्था पुण्याच्या वेताळ टेकडीवर आहे, आणि पुढे नुकसानीचा अंदाज करणाऱ्या समितीत जिचा सहभाग होता ती नीरी संस्था नागपूरची आहे. एआरएआयच्या चाचण्यांमध्ये प्रयोगशाळेतील आणि रस्त्यावरील उत्सर्जनात तफावत आढळल्यानंतर १ डिसेंबर २०१५ रोजी कंपनीने भारतातील ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याची घोषणा केली, ज्यात १,९८,५०० फोक्सवॅगन, ८८,७०० स्कोडा आणि ३६,५०० ऑडी गाड्या होत्या. या सर्वांत ईए-१८९ मालिकेची इंजिने होती. उपाय म्हणून मालकाला सर्व्हिस सेंटरवर बोलावून सॉफ्टवेअर बदलून देण्यात येणार होते आणि लागेल तिथे किरकोळ सुटा भाग बसवला जाणार होता. गाडी परत घेणे, किमतीतील घट भरून देणे किंवा रोख भरपाई यांपैकी काहीच मालकापुढे ठेवले गेले नाही.

कंपनीची बाजू अशी होती, आणि ती न्याय्यपणे मांडली पाहिजे, की तेव्हाच्या भारत-४ उत्सर्जन मानकांत केवळ प्रयोगशाळेतील चाचणीची मर्यादा होती, रस्त्यावरील उत्सर्जनाला कोणतीही मर्यादा नव्हती, त्यामुळे भारतीय कायद्याचा भंग झालाच नाही आणि गाड्या परत बोलावणे हा स्वेच्छेचा भाग होता. मर्यादांमधील अंतर खरोखरच मोठे होते : भारत-४ मध्ये डिझेल मोटारीला एका किलोमीटरला २५० मिलिग्रॅम ऑक्साइडांची मुभा होती, तर अमेरिकेची मर्यादा साधारण ४३ मिलिग्रॅम येते. मात्र या युक्तिवादाने मालकाच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. प्रयोगशाळेतील चाचणीला अर्थ येतो तो गाडी रस्त्यावरही साधारण तशीच वागेल या गृहीतकामुळे. ते गृहीतक पाडण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिले गेले असेल, तर प्रमाणपत्रावरचा आकडा खरा असूनही ते प्रमाणपत्र खरेदीदाराची दिशाभूल करते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे जेव्हा प्रकरण आले, तेव्हा वर उल्लेखलेल्या समितीने २०१६ या एका वर्षात एकट्या दिल्लीत या गाड्यांनी सुमारे ४८.६८ टन ऑक्साइडे सोडल्याचा आणि त्यातून आरोग्याची सुमारे १७१ कोटी रुपयांची हानी झाल्याचा अंदाज दिला, आणि ७ मार्च २०१९ रोजी न्यायाधिकरणाने जरब बसावी म्हणून ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये कंपनीवर सक्तीची कारवाई करण्यास मनाई केली. या दंडाचे अंतिम भवितव्य काहीही असो, तो हवेच्या सुधारणेसाठी वापरायचा होता आणि त्यातला एक रुपयाही मालकांसाठी नव्हता. सव्वातीन लाख गाड्यांच्या मालकांना एकत्र येऊन दाद मागता येईल अशी वाट मिळाली नाही. आपल्या ऑडी गाड्यांमध्ये फसवे सॉफ्टवेअर असल्याची तक्रार असलेल्या उत्तर प्रदेशातील एका ग्राहकाने थेट पोलिसांत फिर्याद दिली, कंपनीने ती रद्द करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयाने ती रद्द करण्यास नकार दिला. ज्या तक्रारीची जागा मुळात भरपाईच्या दाव्यात असायला हवी, ती पोलीस ठाण्यात न्यावी लागणे हे व्यवस्थेचे अपयश आहे.

हा देशातील पहिलाच प्रसंग नव्हता. जनरल मोटर्सच्या भारतीय कंपनीने जुलै २०१३ मध्ये सुमारे १ लाख १४ हजार तवेरा गाड्या परत बोलावल्या होत्या, आणि सरकारी तपासणीच्या वेळी गाड्यांमध्ये कमी धूर सोडणारी निवडक इंजिने बसवली गेल्याचे तेव्हा उघड झाले होते. तवेरा ही अनेक चालकांच्या पोटापाण्याची गाडी होती, आणि जो माणूस भाड्याच्या फेऱ्यांवर बँकेचा हप्ता फेडतो त्याच्या दृष्टीने गाडी वर्कशॉपमध्ये उभी राहिलेला प्रत्येक दिवस हा थेट तोटा असतो. त्या तोट्याचा हिशेब मागण्याची सोय तेव्हाही नव्हती.

उलट मालकाकडून मात्र हिशेब काटेकोरपणे मागितला जातो. दरवर्षी त्याला पीयूसी केंद्रावर जावे लागते, जिथे टेलपाइपमध्ये एक नळी खुपसली जाते, अॅक्सिलरेटर काही वेळा जोराने दाबला जातो, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि छापील पावती हातात पडते. डिझेल गाडीच्या या तपासणीत मोजली जाते ती केवळ धुराची अपारदर्शकता, म्हणजे धुरातून प्रकाश किती अडतो एवढेच; नायट्रोजनची ऑक्साइडे, ज्यांच्यासाठी हे सगळे प्रकरण घडले, त्यात मोजलीच जात नाहीत. म्हणजे ईए-१८९ इंजिनाची गाडी रस्त्यावर कितीही ऑक्साइडे सोडत असली तरी तिच्या मालकाच्या हाती उत्तीर्ण झाल्याची पावती पडत राहते, आणि ती पावती एखाद्याकडे नसेल तर त्याला २०१९ च्या सुधारणेनुसार १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. राजधानी परिसरात १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली, आणि २०२५ मध्ये सक्तीच्या कारवाईला त्याच न्यायालयाने आवर घालेपर्यंत असंख्य मालकांना सुस्थितीतील गाड्या पडत्या भावाने परराज्यांत विकाव्या लागल्या. गाडीचे प्रदूषण कमी दाखवणारी यंत्रणा ज्याने बसवली त्याला किमतीतील घसरण सोसावी लागली नाही आणि ज्याला तिचा पत्ताही नव्हता त्याला सोसावी लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मंत्रालयाने मधल्या काळात जे योग्य केले त्याचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. भारत-६ मानके एप्रिल २०२० पासून लागू झाली, डिझेल मोटारींची मर्यादा ८० मिलिग्रॅमवर आली, आणि १ एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांना प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाचीही मर्यादा पाळावी लागते, ज्यामुळे डिकीत उपकरण ठेवून मोजण्याची तीच पद्धत आता आपल्या नियमांचा भाग झाली आहे. कंपनीने २०१५ मध्ये पुढे केलेला युक्तिवाद यापुढे करता येणार नाही, ही मोठी गोष्ट आहे.

तरीही मार्च २०२१ मध्ये कलम ११०-अ खाली केलेले नियम ब्रेक किंवा एअरबॅगसारख्या, वापरणाऱ्याला जाणवणाऱ्या दोषांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले दिसतात. विक्रीच्या प्रमाणात ठरावीक संख्येने मालकांच्या तक्रारी आल्या तर सरकारने दखल घ्यावी, अशी त्यांची एक मुख्य वाट आहे. उत्सर्जनातील फसवणूक मालकाला दिसतच नाही, त्यामुळे अशा तक्रारींचा आकडा कधीच पुरा होणार नाही. ही लबाडी पकडायची तर ती चाचणी संस्थेनेच पकडली पाहिजे, आणि त्यासाठी वापरात असलेल्या गाड्या मालकांकडून भाड्याने घेऊन, उत्पादकाला न कळवता रस्त्यावर मोजण्याचा नियमित कार्यक्रम मंत्रालयाने आखावा व त्याचे निष्कर्ष गाडीच्या मॉडेलनिहाय प्रसिद्ध करावेत. नियमांतील ७ वर्षांची वयोमर्यादाही फसवणुकीच्या प्रकरणांना लावू नये, कारण दोष जितका चतुराईने लपवला असेल तितका तो उशिरा सापडतो, आणि भारतात २०१५ मध्ये परत बोलावलेल्या गाड्यांपैकी सर्वांत जुन्या २००८ च्या होत्या, म्हणजे त्या या मर्यादेच्या काठावरच होत्या. दंडाची १० लाख ते १ कोटी रुपयांची पट्टी मोठ्या उत्पादकाच्या एका मॉडेलच्या जाहिरातखर्चापुढेही नगण्य आहे; मूळ कायद्यात कलम १८२-अ खाली १०० कोटींपर्यंतच्या दंडाची सोय असताना परत बोलावण्याच्या नियमांनी इतके मागे राहण्याचे कारण नाही.

निवडीच्या प्रश्नावर मंत्रालयाला फारसे नवे शोधावे लागणार नाही, कारण अमेरिकेच्या तडजोडीत त्याचा नमुना तयार आहे आणि त्यातील जवळपास प्रत्येक घटक भारतीय व्यवहारात बसणारा आहे. उत्सर्जन चाचणीत हेतुपुरस्सर फसवणूक सिद्ध झाल्यास पैसे परत घ्यायचे, गाडी बदलून घ्यायची की दुरुस्ती करून घ्यायची हे मालक ठरवील, असे नियमात स्पष्ट लिहिले जावे. किंमत ठरवताना फसवणूक जाहीर होण्याच्या आदल्या दिवशीचा बाजारभाव आधारभूत धरावा आणि त्यानंतरच्या वापराचे पैसे कापू नयेत, नाहीतर जर्मनीप्रमाणे विलंब हीच उत्पादकाची कमाई होईल. कलम ११०-अ मध्ये कर्जाचा आणि तारणाचा उल्लेख आहे, पण तो परतफेडीला अधीन ठेवणाऱ्या अटीच्या रूपात आहे. आरसी बुकावर बँकेचा बोजा असलेल्या गाडीच्या बाबतीत मालकाच्या डोक्यावर कर्जाची बाकी उरणार नाही याची जबाबदारी उत्पादकावर टाकली जावी. दुरुस्ती निवडणाऱ्यालाही रोख भरपाई मिळावी, आणि दुरुस्तीनंतर इंधनखर्च किंवा इंजिनाची ताकद किती बदलली हे चाचणी संस्थेने मोजून लेखी कळवावे. भारतात जुन्या गाड्यांची खरेदीविक्री मोठी आहे, म्हणून फसवणूक उघड झाल्यानंतर गाडी विकलेला आणि ती घेतलेला अशा दोघांचाही वाटा नियमातच ठरलेला असावा. भाड्याच्या धंद्यातील गाड्यांसाठी वर्कशॉपमधील दिवसांचे नुकसान वेगळे धरले जावे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खालील केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणालाही वस्तू परत बोलावण्याचा आणि किंमत परत देवविण्याचा आदेश देता येतो, परंतु तो अधिकार धोकादायक व असुरक्षित वस्तूंच्या भाषेत लिहिलेला आहे, आणि अदृश्य वायू सोडणारी, एरवी सुरळीत चालणारी गाडी त्यात बसते की नाही यावर वर्षानुवर्षे वाद घालता येईल. हा वाद मालकाच्या खर्चाने होऊ देण्यापेक्षा दोन्ही मंत्रालयांनी मिळून हद्द आधीच आखावी.

शेवटी ईए-१८९ इंजिनाच्या ज्या गाड्या अजूनही महाराष्ट्राच्या आणि देशाच्या रस्त्यांवर आहेत त्यांचा प्रश्न उरतो. त्यांच्यासाठी पूर्वलक्षी भरपाई मागणे कायद्याने अवघड आहे हे मान्य करूनही, परत बोलावलेल्या ३,२३,७०० गाड्यांपैकी प्रत्यक्षात किती गाड्यांचे सॉफ्टवेअर बदलले गेले, बदलानंतर एआरएआयच्या रस्त्यावरील मोजमापांत काय आढळले, आणि चेसिस क्रमांकावरून एखाद्या मालकाला आपल्या गाडीची स्थिती कशी पाहता येईल, एवढी माहिती मंत्रालयाने वाहन पोर्टलवर खुली करावी. जुनी पोलो, रॅपिड किंवा व्हेंटो विकत घेऊ पाहणाऱ्याला व्यवहारापूर्वी ती पाहता आली पाहिजे. या मागणीसाठी नव्या कायद्याची गरज नाही, आणि म्हणून तिच्यावरचा निर्णय पुढील तीन महिन्यांत जाहीर व्हावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

कळावे.